कोयकलम

इनास मास्तर वेंगुर्ल्याहून आमच्या नर्सरीत येतात
ते कलमं घ्यायला नव्हे,
उपड्या क्रेटवर बसून माझी बोटं बघायला.
श्रावणातली उघडीप. खालून खाडीचा वास.
कोयीतून वर आलेलं तांबूस रोप मी वीतभरावर कापते,
पात्यानं मधोमध खाच, खाचेत हापूसची काडी,
प्लॅस्टिकची पट्टी, तीन वेढे.
आई पाठमोरी पिशव्या भरतेय, बघत नाही, तरी बोलते:
बांध घट व्हयो, पण गळो आवळूक नको.

मास्तर तरुणपणी पाद्री व्हायला निघालेले.
सेमिनरीत चार वर्षं लॅटिन शिकले आणि परत आले,
का, ते गावाला अजून ठाऊक नाही.
मग मला आणि गुणाजीला इंग्रजी शिकवलं,
व्याकरण कमी, शब्दांची खानेसुमारी जास्त.
क्रेस्केरे, ते म्हणतात, तपकिरीची चिमूट हवेत धरून.
म्हणजे वाढणं. आता बघ ह्याचं गोत.

क्रेसेंट: चंद्राची कोर, वाढत असलेली.
क्रू: गुणाजी गेला त्या जहाजावरचा.
आधी नुसती वाढीव कुमक, खलाशी मागाहून.
आणि बंदराकडे रिसॉर्ट उठतंय त्याचं काँक्रीट:
एकमेकांत वाढलेलं.
मी हातातल्या सांध्याकडे बघते.
काँक्रीट हे असेल, मी म्हणते,
तर ते लोक तिकडे काय ओततायत?
मास्तर हसतात, शिंकतात, पुन्हा हसतात.
आणि डिक्रीज?
तोही त्याच घरातला. असतो एक प्रत्येक घरात.

अडोलसंट म्हणजे वाढता, अडल्ट म्हणजे वाढून झालेला,
एकाच धातूची दोन रूपं,
एक चालू, एक संपलेलं.
गुणाजी एकोणीसचा.
शेवटचा मेसेज सतरा दिवसांपूर्वी, सुएझच्या अलीकडून:
जेवण बरं आहे.
दोघांतला कुठला लिहितोय, कळायला मार्ग नाही.

ग्राफ्ट मास्तरांनी मुद्दाम मागे ठेवलेला.
मुळात लेखणी, ते म्हणतात, टोक काढलेली.
काडी तशी दिसली कुणाला तरी, म्हणून.
मी पातं पुसते.
आणि आपण काय म्हणतो ह्याला, मास्तर?
ते डबी बंद करायची विसरतात.
कलम, म्हणतात. अगो, कलम.
साठ वर्षं दोन्ही शब्द खिशात घेऊन फिरलो
आणि ओळख करून दिली नाही.

तेव्हा मला चेव आला.
म्हटलं, आता आमचं वाढणं ऐका.
झाड वाढतं. पानात भातही वाढतात.
मास्तर म्हणाले, हो, हो, तिकडेही पोसण्यातूनच
थांबा, म्हटलं.
होडी पाण्यात लोटताना नारळ वाढवतात,
फोडतात म्हणत नाहीत.
दिवा मालवत नाहीत, वाढवतात.
आणि बाबा गेले तेव्हा बायका आईला मागीलदारी घेऊन गेल्या,
परत आल्यावर एक जण हळूच म्हणाली,
बांगड्या वाढवल्या.
मी नऊ वर्षांची.
आईच्या हातांकडे बघत राहिले,
कुठे वाढल्या म्हणून.

मास्तरांकडे ह्याला मूळ नव्हतं.
त्यांनी एक रोप उचललं,
उगाच वजन केल्यासारखं केलं, होतं तिथे ठेवलं.
पिशव्या भरण्याचा आवाज थांबला होता, तो सुरू झाला.

गेल्या खेपेची शंभरातली साठ लागली.
न लागलेल्यांच्या पट्ट्या सोडून मी धुऊन वाळत घालते,
पुढच्याला येतात उपयोगी.

दुपारी मास्तर जेवायला थांबले.
कुळथाची पिठी, भात, वाळक्या बांगड्याचा तुकडा.
मी डाव घेऊन आईच्या पानाशी वाकले.
थोडोच वाढ, ती म्हणाली,
पानावर मनगट आडवं धरून.